साहेब, फोकस वर आहे

गेल्या महिन्यात फलटणकडच्या गावाहून पुण्याला परत येत होतो. डिकीत ज्वारीचं एक पोतं, कांद्याची दोन, आणि "जागा आहे तर राहू दे" म्हणून चुलतभावाने ऐन वेळी टाकलेला पाटा-वरवंटा. पुढे मेहुणा. मागे आत्या, बायको आणि मेहुण्याची बायको. तिघींची मिळून पाच गाठोडी.

जेजुरी मागे पडली तसा समोरून येणारा प्रत्येक दुसरा गाडीवाला मला डिप्पर मारू लागला. मला गहिवरून आलं. आपल्या रस्त्यांवर अप्पर-डिप्पर ही एक भाषाच आहे. एकदा मारला तर 'मी आलो'. दोनदा मारला तर 'मी आलो, तू थांब'. मारतच राहिला तर 'मी आलो, तू थांब, आणि नाही थांबलास तर पुढचं तुझं तू बघ'. इंग्लंडात लोक हीच खूण 'जा तुम्ही आधी' म्हणून करतात. तिकडून सुट्टीवर आलेल्या माझ्या भाच्याने पहिल्याच संध्याकाळी तोच अर्थ लावून कात्रजच्या चौकात गाडी पुढे घातली होती. भाचा सुखरूप आहे.

पण या भाषेत एक शब्द मायेचाही आहे: 'पुढे मामा उभे आहेत, जपून जा.' मी तोच अर्थ घेतला. वेग चाळीसवर आणला, पट्टा चाचपला, मेहुण्याला कप्प्यातून पीयूसी काढून हातात धरायला लावली. काय माणसं आहेत, म्हटलं, ना ओळख ना पाळख, आणि किती ही काळजी! सासवड आलं, गेलं. मामा काही दिसेनात. डिप्पर मात्र वाढत चालले.

दिवे घाटाच्या अलीकडे चहाला थांबलो. आमच्या समोरच एक ट्रक येऊन थांबला. चालक उतरला, डोळे चोळत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "साहेब, फोकस वर आहे तुमचा. माणसाने डिप्पर तरी किती मारायचा?"

आता सांगायला हरकत नाही, याच सदरातून मी दोनदा लोकांच्या हेडलाइटवर तोंडसुख घेतलेलं आहे. त्यामुळे मी जरा ताठरपणे म्हणालो, "मी डिप्परवरच आहे." तो म्हणाला, "हो, पण तुमचा डिप्परच अप्पर झालाय." मग त्याने दार उघडलं, वाकला, आणि स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला, गुडघ्याच्या वर, एक एवढंसं दातेरी चाक असतं ते फिरवलं. त्यावर 0, 1, 2, 3 असे आकडे. त्याने ते शून्यावरून दोनवर नेलं. समोरच्या टपरीच्या पत्र्यावर पडलेला उजेड दुकानाचं शटर ओढावं तसा खाली आला.

ते चाक मी चार वर्षं एसीचं समजत होतो. निघताना आत्या "गार लागतंय रे" म्हणाली, तेव्हा मीच ते शून्यावर केलं होतं. आणि आत्याही "आता बरं वाटतंय" म्हणाली होती.

चाकाचा हिशेब साधा आहे. मागे वजन पडलं की गाडीचं बूड बसतं, नाक वर जातं, आणि नाकाबरोबर दिवेही. एकटे असाल तर शून्य. माणसं भरली तर एक. माणसं आणि वर कांदे असतील तर दोन. मागे नुसतंच सामान ठासलं असेल तर तीन. जितका मोठा आकडा, तितका दिवा खाली. ज्याचा नंबर वाढेल त्याने मान खाली घालायची, हा नियम आपल्याकडे या एकाच चाकाला लागू असल्याने ते कोणाला सापडत नसावं.

घरी आल्यावर मी पेन्सिल घेऊन बसलो. माझ्या गाडीचा दिवा जमिनीपासून 65 सेंटीमीटरवर आहे. डिप्परचा उजेड साधारण एक टक्का खाली झुकलेला असावा लागतो, म्हणजे दर दहा मीटरला दहा सेंटीमीटर. पन्नास मीटरवर तो 15 सेंटीमीटरवर आलेला असतो, समोरच्याच्या टायरपाशी. तोच दिवा एक टक्का वर असेल तर पन्नास मीटरवर उजेड 115 सेंटीमीटरवर जातो. आणि छोट्या गाडीत बसलेल्या माणसाचे डोळे साधारण तेवढ्यावरच असतात. सभ्य गृहस्थ आणि रस्त्यावरचा गुंड यांच्यात फरक एका अंशाहून किंचित जास्त. ज्वारीच्या एका पोत्यात तो भरून निघतो. आमच्याकडे तर वर पाटा-वरवंटाही होता.

मला या प्रकरणात खरी भूल पडली ती डिप्परच्या उजेडाच्या आकाराची. धड दिवा भिंतीवर पाडून बघा. वरती अंधार, मग एकदम सुरीने कापावी तशी आडवी रेघ, आणि सगळा उजेड त्या रेघेखाली. अगदी आपल्या देवनागरीसारखं: वर शिरोरेषा आणि मजकूर तिला लोंबकळलेला. उजवीकडे रेघ सपाट, कारण तिथून समोरचा येतोय. डावीकडे मात्र ती 15 अंशांनी तिरकी वर चढते, मात्रा काढल्यासारखी, कारण तिकडे पायी चालणारी माणसं, सायकली, दिवा नसलेल्या बैलगाड्या आणि मैलाचे दगड. ज्या देशात वाहनं उजव्या बाजूने चालतात तिथे ही मात्रा उजवीकडे असते. सांगायचा मुद्दा, कोणाच्या डोळ्यात बघायचं नाही आणि कोणाची वाट उजळायची, हे दिवा बनवणाऱ्याने आधीच ठरवून दिलेलं आहे. आपल्याला फक्त ते बिघडवायचं नाही.

ते आपण पैसे देऊन बिघडवतो.

साधा हॅलोजन दिवा, तो 60/55 वॅटचा एच-फोर, हातात घेऊन पाहा. काचेत दोन तारा दिसतील. अप्परची तार उघडी. डिप्परच्या तारेखाली मात्र पत्र्याची एक इवलीशी वाटी, बाहुलीला भातुकलीत दूध द्यावं एवढी. तारेचा खाली जाणारा उजेड ती वाटी अडवते. तो खालच्या आरशावर पडला असता तर उलटून वर गेला असता, समोरच्याच्या डोळ्यात. वाटीची एक कड तिरकी, तीच ती मात्रा. करोडोंच्या जाहिराती करून विकल्या जाणाऱ्या गाडीत शिष्टाचाराची म्हणून जी काही एक वस्तू असते, ती ही. किंमत विचारायला गेलात तर दुकानदार अख्खा दिवाच काढून रस्त्याच्या कडेला फेकतो.

मी हे प्रत्यक्ष पाहिलं आहे. ॲक्सेसरीजच्या एका दुकानात वायपर घ्यायला गेलो होतो. मालकाने माझ्या गाडीचे दिवे बघितले आणि त्याच्या चेहऱ्यावर करुणा उमटली.

"साहेब, या चिमण्या घेऊन कुठं फिरताय? एलईडी टाकून देतो. सहा हजार केल्विन. हवे तर आठ हजार."

"केल्विन म्हणजे?"

"पॉवर, साहेब."

केल्विन हा आकडा रंगाचा. उजेड पिवळा की निळसर, एवढंच तो सांगतो. पण दुकानात तो पगारासारखा वापरतात, जास्त तितका चांगला. निळसर उजेड समोरच्याच्या डोळ्याला अधिक टोचतो, हा त्यातला गुण म्हणून सांगितला जातो. "समोरचा बाजूलाच होतो, साहेब." कंपनीने एलईडीसाठीच घडवलेल्या दिव्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याचा आरसा, त्याचं भिंग, सगळं त्या हिशेबाने बेतलेलं असतं. पण हॅलोजनच्या आरशात एलईडीचा खुंटा बसवला की उजेड तारेच्या नेमक्या जागेवरून निघत नाही. आरसा बिचारा जुन्याच पत्त्यावर टपाल वाटत राहतो आणि उजेड चार दिशांना उधळतो. मालकाने दाखवायला दुकानासमोरच एक गाडी चालू केली. पलीकडच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक आजी वाटाणे सोलत होत्या. त्यांनी पदर डोळ्यांवर घेतला. "बघा रेंज!" मालक म्हणाला.

कायदा नाही असं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989, यातला 106 वा नियम याच कामाला नेमलेला आहे. दिवा खाली वळलेला हवा, इतका की कोणाचा डोळा दिपू नये. आणि पुढे त्या डोळ्याचा पत्ताही दिलाय. दिव्यापासून 8 मीटर समोर, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंच. हा डोळा मी बरेच दिवस शोधतोय. छोट्या कारवाल्याचा नाही, तो त्याहून खाली बसतो. एसटीच्या चालकाचा नाही, तो कितीतरी वर बसतो. रात्री चालू दिव्यांसमोर आठ मीटरवर दीड मीटरचे डोळे घेऊन उभा असतो तो एक तर हवालदार, नाही तर म्हशी घेऊन निघालेला शेतकरी. पैकी हवालदार तुमचा दिवा बघत नाही, त्याचं लक्ष पट्ट्याकडे असतं. आणि म्हशीवाल्याने तक्रार कोणाकडे करायची? कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार करू नये म्हणून मोटार वाहन कायद्यात 52 वं कलमही आहे. पासिंगच्या आदल्या दिवशी लोक जुने हॅलोजन परत बसवतात आणि परवा काढतात, इतका त्या कलमाचा धाक आहे.

त्यापेक्षा जुना उपाय प्रामाणिक होता. पूर्वी हेडलाइटच्या वरच्या अर्ध्या काचेवर काळा रंग मारायचे, किंवा मधोमध काळा ठिपका. बाळाच्या गालावर तीट लावतात तसा. फक्त दृष्ट लागू नये म्हणून नव्हे, समोरच्याची दृष्टी जाऊ नये म्हणून. आताच्या दिव्यांत उजेडाला वळण काच देत नाही, मागचा आरसा देतो, त्यामुळे तीट लावून उजेड नुसता कमी होतो, वळत नाही. पण ती लावणाऱ्याच्या मनात समोरचा माणूस होता, हेही काही थोडं नाही. ट्रकच्या पाठीवरही 'रात्री डिपर वापरा' अशी विनंती असते. 2015 साली आपल्या सरकारने 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी केली. डिपरची विनंती वाचली, बहुधा ती कोणी मनावर घेत नसल्याने तिच्यापासून उपद्रव नसावा.

या सगळ्यात एकच सरकारी योजना मला पूर्ण यशस्वी झालेली दिसते, ती म्हणजे कण्हेर. चौपदरी रस्त्याच्या दुभाजकात लावलेली ही झाडं शोभेची आहेत असं आत्याचं मत. त्यांचं खरं काम पलीकडून येणारा उजेड अंगावर घ्यायचं. पाणी फारसं लागत नाही, विषारी म्हणून शेळ्या तोंड लावत नाहीत, आणि डिप्पर मारायला सांगावं लागत नाही. माणसाकडून होईना म्हणून हे काम झुडपाकडे दिलं. पण दुपदरी रस्त्याला दुभाजक नाही, आणि तिथे साठच्या वेगाने गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर पुढे जाते. डोळे दिपले की ते परत जागेवर यायला काही सेकंद लागतात. तेवढा रस्ता आपण आठवणीने चालवतो.

असो. रविवारी मी दिवे जुळवायला घेतले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीपासून पाच मीटरवर सपाट जागी गाडी लावली, चारही टायरची हवा बघितली, डिकी रिकामी केली, चाक शून्यावर. ड्रायव्हरच्या सीटवर 75 किलोचं माणूस बसवून मोजायचं असतं, म्हणून मेहुण्याला बसवलं. तो 92 किलो आहे, पण त्याच्यासमोर मी तो हिशेब काढला नाही. भिंतीवर 65 सेंटीमीटरला खडूने एक रेघ मारली, त्याखाली पाच सेंटीमीटरवर दुसरी. मग बॉनेट उघडून दिव्यामागचा स्क्रू स्टारच्या स्क्रूड्रायव्हरने पाव-पाव आटा फिरवत बसलो. उजवा दिवा लगेच खालच्या रेघेवर टेकला. डावा आधीपासूनच आकाशाकडे होता. गेल्या दिवाळीत बंपर बदलताना गॅरेजमधल्या पोराने तो काढला असावा आणि बसवताना अंदाजाने बसवला असावा. म्हणजे पोत्यांचा दोष निम्माच होता.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. भिंतीवर रेघा का मारल्या, विचारू लागले. मी उजेडाची शिरोरेषा दाखवली, मात्रा दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि रंगाचा खर्च माझ्या मेंटेनन्समध्ये लावायचं कबूल करून घेतलं.

मग तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी त्यांची उंच गाडी घेऊन आत शिरले. पार्किंग दिवसासारखं उजळलं. सेक्रेटरींनी फाइल डोळ्यांसमोर धरली, मेहुणा सीटवरच आडवा झाला. शेजारी उतरले, भिंतीजवळ येऊन माझ्या रेघा निरखून पाहू लागले.

"हे काय?"

"दिव्याचा उजेड या रेघेच्या वर जाऊ द्यायचा नसतो," मी म्हणालो. "तुमचेही बघू या का? दहा मिनिटांचं काम आहे."

त्यांनी रेघेकडे बघितलं, मग वर छतापर्यंत पसरलेल्या आपल्या उजेडाकडे बघितलं. बराच वेळ विचार केला.

"सात हजार दिलेत हो," ते म्हणाले. "मग ही वरची सगळी भिंत वाया घालवायची?"