रॅम पुसली का?

कॉम्प्युटर चालू होत नाही, ही बातमी घराबाहेर जाऊ द्यायची नसते. जिन्यात नुसती कुजबुजली तरी बी विंगमधल्या काकांपर्यंत पोचते आणि चहा उकळायच्या आत बेल वाजते. हातात स्टार स्क्रूड्रायव्हर, शर्टाच्या खिशात पांढरं खोडरबर. चपला काढता काढताच प्रश्न : "रॅम पुसली का?"

तुमच्याही सोसायटीत ते असतीलच. बँक, टेलिफोन नाहीतर एमएसईबीतून निवृत्त. लॅमिंग्टन रोडवरून एकेक पार्ट आणून स्वतः पीसी असेंबल केल्याची हकीकत दर भेटीला एकदा. आपण "डिस्प्ले येत नाही" म्हणेपर्यंत त्यांनी कॅबिनेट आडवं करून त्यावरचा क्रोशाचा रुमाल आपल्याच हातात दिलेला असतो.

मग विधी सुरू. आधी खिडकीच्या गजाला हात लावायचा, अंगातली स्टॅटिक वीज जावी म्हणून. दोन्ही बाजूंच्या क्लिपा दाबून रॅम उचलायची, कालच्या पेपरवर ठेवायची आणि तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवायचं; सावकाश, एकाच दिशेने. ट्यूबलाइटसमोर धरून बघायचं, फुंकर मारायची, पुन्हा खाचेत बसवायची. "कट्ट" असा आवाज आला की काका आपल्याकडे बघतात. आता बटण दाबायचा मान आपला.

आणि वैताग हा, की पुष्कळदा पीसी खरंच चालू होतो. वास्तविक त्या दातांवर सोन्याचा मुलामा असतो आणि सोनं गंजत नाही. वर्षानुवर्षांची धूळ, दमट हवा यांनी संपर्क तुटतो. रॅम काढून नुसती परत बसवली तरी तो बहुतेक वेळा जुळतो. उलट फार घासलं तर मुलामाच जायचा. पण हे काकांना सांगून बघा. "मग तुमचा चालू कसा झाला?" याला उत्तर नाही.

आमच्या पीसीला एकदा दर सकाळी 2009 साल उजाडायला लागलं. काळ्या पडद्यावर "सीमॉस चेकसम एरर, एफ-वन दाबा", आणि आत गेलं की बँकेची साइट उघडेना. तारीखच चुकीची म्हटल्यावर साइटचं सर्टिफिकेट ग्राह्य कसं धरणार? मदरबोर्डवरचा सीआर-2032 हा बटणाएवढा तीन व्होल्टचा सेल संपला होता. तो दिसत होता, हाताला येत होता. काकांनी त्याच्या शेजारची रॅम पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा 2009. "बघा, निदान तारीख पुढे तरी गेली नाही," काका म्हणाले.

मग मे महिन्यात पीसी भर दुपारी आपणहून बंद पडायला लागला. कारण उघड होतं. प्रोसेसरवरच्या हीटसिंकमध्ये गोधडी होईल एवढी धूळ, खालची थर्मल पेस्ट वाळून खडखडीत; तापमान हद्दीबाहेर गेलं की प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःच वीज तोडतो. काकांनी झाकण काढलं, रॅम पुसली आणि "आता जरा वारा लागू दे" म्हणून टेबलफॅन आत रोखून ठेवला. पीसी संध्याकाळपर्यंत चालला. श्रेय खोडरबराला. एसएमपीएसमधला कपॅसिटर टम्म फुगला, तेव्हाही त्यांचा हात खिशाकडे गेलेला मी पाहिला आहे.

खरा घाव 14 ऑक्टोबर 2025ला बसला. त्या दिवशी विंडोज 10ची मोफत अपडेट्स थांबली. विंडोज 11 हवं तर टीपीएम 2.0 पाहिजे, प्रोसेसरही यादीतला पाहिजे. आमच्या पीसीकडे दोन्ही नव्हतं. काकांना हा वैयक्तिक अपमान वाटला. "चालू मशीन भंगारात? काही बिघडलेलं नसताना?" बराच वेळ ते उघड्या कॅबिनेटमध्ये बघत राहिले. मग हळूच विचारलं, "हे टीपीएम असतं कुठे? काढून पुसता येईल?"

त्या वेळी हसू आलं, पण थोडंसंच. नाही म्हटलं तरी मुलीचा अकरावीचा फॉर्म शेवटच्या रात्री याच माणसामुळे भरला गेला होता. एवढ्या वर्षांत त्यांनी कमी साखरेच्या चहाशिवाय आमच्याकडून काही घेतलं नाही.

शेवटी पातळसा लॅपटॉप आणला आणि वॉरंटी संपल्या संपल्या तोही बसला. काका आले, बारकाले स्क्रू बशीत काढले, आत बघितलं. रॅम बोर्डालाच डाखलेली. क्लिपा नाहीत, खाच नाही. काढायलाच काही नाही, तर पुसणार काय! "अहो, याला उघडायची सोयच ठेवलेली नाही," म्हणाले. झाकण लावलं आणि त्या दिवशी चहाही नको म्हणाले.

लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला नेला. एसी, टोकन, सोफा. काउंटरवरच्या मुलाने स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं, "सर, बोर्ड बदलावा लागेल." किंमत नव्या लॅपटॉपच्या आसपास. मी म्हटलं, अरे, निदान उघडून तरी बघ. "पॉलिसी नाही सर. आधी अप्रूव्हल, मग ओपन." मी नको म्हटलं. त्याने लॅपटॉप न उघडताच परत दिला, आणि तपासणीचे पैसे घेतले. पावतीसकट.