घडी मोडायला द्या

कसबा पेठेतल्या जुन्या वाड्यांत कपडे ठेवायला जागा कमी आणि कपडे कसे ठेवावेत हे सांगणारी माणसं भरपूर. दोन खोल्या, एक फडताळ, माळ्यावर पत्र्याच्या ट्रंका, भिंतीला ओळीनं खुंट्या आणि आढ्याखाली टांगलेली एक दांडी, एवढ्या भांडवलावर इथल्या कित्येक पिढ्यांनी लुगडी, धोतरं, कोट, उपरणी, शालू आणि मुंजीतली सोवळी सांभाळली. लग्नाची पहिली अक्षत कसबा गणपतीला, आणि तिथून घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे ट्रंक खाली काढणं. ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांचा वास जिन्यापर्यंत जायचा आणि शेजाऱ्यांना आमंत्रण आपोआप पोचायचं.

या व्यवस्थेत सुताला अडचण नव्हती, रेशमाला नव्हती, लोकरीलाही नव्हती. अडचण आली ती लिनन आल्यावर.

लिनन इकडे शिरलं ते बहुधा निवृत्तीच्या शर्टाच्या रूपानं. आयुष्यभर टेरिकॉट घातलेल्या माणसाला मुलं लक्ष्मी रस्त्यावर नेतात आणि "बाबा, आता जरा चांगलं वापरा" म्हणून लिननचा शर्ट घेऊन देतात. ते सुती नाही, रेशमी नाही, पण किंमत दोघांची बेरीज केल्यासारखी. दुकानातला माणूस शर्ट अंगाला लावून सांगतो, "साहेब, उन्हाळ्यात गार राहतं." ते खरंच आहे. चुरगळतं हे तो सांगत नाही. शनिवारवाड्यापासून फडके हौदापर्यंत रिक्षात बसलं, की परीटघडीचा शर्ट आतल्या माणसाच्या वयाचा दिसू लागतो. मग वाड्याच्या दारात कोणीतरी अत्यंत काळजीच्या सुरात विचारतं, "इस्त्रीवाला गावाला गेलाय का?"

आमच्या शेजारच्या काकूंना एकदा मी सांगितलं, की काकू, हे कापड जवसापासून होतं. त्यांनी बाही दोन बोटांत धरून पाहिली आणि म्हणाल्या, "मग चटणी करायची सोडून शर्ट कशाला शिवलास?"

प्रश्न वाटतो तेवढा वेडा नाही. वनस्पती तीच. विदर्भात पिकतो तो जवस बुटका, फांद्याफांद्यांचा, दाण्यासाठी आणि तेलासाठी लावलेला. धाग्यासाठी लावतात तो उंच, सरळ, फार फांद्या न फुटणारा, आणि तो मुख्यतः उत्तर फ्रान्स, बेल्जियम आणि हॉलंडच्या पट्ट्यात पिकतो. अंबाडीची ताटं पाण्यात कुजवून वाख काढतात, तसाच जवसाची ताटं कुजवून, वाळवून, कुटून आतला धागा सोडवायचा. भाकरीवर जवसाची चटणी आणि अंगावर लिनन असा माणूस एकाच झाडाचं खातो आणि नेसतो. चटणीवरच्या तेलाचा डाग शर्टावर पडला तर त्याला घरच्या माणसानं दिलेला मार समजावं.

हा धागा बळकट आहे. सुतापेक्षा बळकट, आणि ओला झाला की आणखीच. लवचीकपणा मात्र त्याच्या अंगात जवळजवळ नाही. लोकर दुमडली तर परत सरळ होते. जवसाचा धागा दुमडला की दुमडलेलाच राहतो. मोडेन पण वाकणार नाही हा आपल्याकडचा बाणा त्याला अर्धाच जमतो. तो आधी वाकतो, आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी वाकवला, वर इस्त्रीनं दाबला, की मग मोडतो. लिननचे शर्ट कॉलरच्या आणि कफाच्या दुमडीवर आधी विरतात, साड्या घडीच्या रेषेवर, आणि टेबलावरचे रुमाल चौघडीच्या मधोमध, ते यामुळे. दोष कापडाचा नसतो. वर्षानुवर्षं एकच घडी घालणाऱ्या नीटनेटक्या हाताचा असतो.

सुरकुत्यांबद्दल हळहळणाऱ्यांना मी तारखानच्या अंगरख्याची गोष्ट सांगतो. इजिप्तमध्ये तारखान नावाच्या दफनभूमीत फ्लिंडर्स पेट्री यांनी उत्खनन केलं, तेव्हा १९१३ साली चिंध्यांचं एक बोचकं मिळालं. ते लंडनला गेलं आणि तिथे कोणीही न उघडता पडून राहिलं. आपल्या माळ्यावरच्या बोचक्यांना नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की लंडनच्या विद्यापीठातलं बोचकं ६४ वर्षं तसंच होतं. १९७७ साली ते साफसफाईला काढलं आणि आत लिननचा अंगरखा निघाला. बाह्यांवर आणि खांद्यांवर बारीक चुण्या घातलेला, आणि उलटा, म्हणजे अंगातून ओढून काढला तसाच. पुढे कार्बनच्या चाचणीनं त्याचं वय ठरलं, इसवी सनापूर्वी ३४८२ ते ३१०२ च्या दरम्यानचं. विणून शिवलेल्या कपड्यांत इतका जुना दुसरा माहीत नाही. कोपरांपाशी आणि काखेत त्याला वापराच्या सुरकुत्या आहेत. पाच हजार वर्षांत त्या गेल्या नाहीत, तर आपल्या इस्त्रीवाल्यानं रविवार संध्याकाळपर्यंत काय करावं?

अर्थात तो अंगरखा टिकला तो तिथल्या कोरड्या वाळूमुळे. कसबा पेठेत कोरडी वाळू नाही. इथे मुठा आहे, जुन्या विटामातीच्या भिंती आहेत, आणि तळमजल्याच्या खोल्यांत श्रावणात हात लावला तर भिंत थंड लागते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं आणि ट्रंकेत जपलेलं काय, दांडीवर टाकलेलं काय, सगळ्यावर सारखाच गाळ बसला. तो दिवस वेगळा. पण दर वर्षी जून ते सप्टेंबर हवेतून येणारा ओलावा काही कमी चिवट नसतो. साधारण दमट हवेत सूत आपल्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास पाणी धरून ठेवतं, लिनन १२ टक्क्यांच्या आसपास. म्हणून ते अंगावर गार लागतं, आणि म्हणूनच बंद कपाटात त्यावर बुरशीचे ठिपके पडतात. गुणाची आणि दोषाची अशी एकच चूल असल्यावर निवड करायला जागा राहत नाही.

यावर पेठेतला सर्वमान्य उपाय डांबरगोळी. तिचा जेवढा वास येतो तेवढा लिननला उपयोग नाही. कपडे खाणाऱ्या पतंगाच्या अळीला लोकर आणि रेशीम आवडतं. जवसाच्या धाग्याकडे ती ढुंकून पाहत नाही. लिननला भीती असते ती पुस्तकांत सापडणाऱ्या चपळ चंदेरी कसरीची. आणि तिलाही खरी ओढ कापडाची नसते, खळीची असते. आपण भाताची पेज काढून, गाळून, प्रेमानं खळ करायची, शर्ट कडक करून कपाटात ठेवायचा, आणि मग कसर आली म्हणून गोळ्या टाकायच्या, म्हणजे पंगत मांडून दाराला कडी लावण्यातला प्रकार झाला. लिनन बराच काळ ठेवायचं असेल तर खळ काढून, साध्या पाण्यानं धुऊन ठेवावं. गोळ्या शालींच्या ट्रंकेत राहू द्याव्यात. नवजात बाळाची दुपटी तर त्या ट्रंकेच्या आसपासही नकोत; काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं आणि या गोळ्यांच्या वाफेनं त्यांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढते. वेखंडाची पुरचुंडी किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवायला हरकत नाही. गौरीगणपतीतला केवडा मात्र ओला असताना लिननच्या साडीत घालू नये. वास दोन महिने राहतो, डाग कायमचा.

दिसणाऱ्या डागांपेक्षा न दिसणाऱ्या डागांची मला जास्त धास्ती वाटते. अनंत चतुर्दशीला मानाच्या पहिल्या गणपतीच्या मिरवणुकीत गुलाल उडाला तर कुर्ता धुवावा लागणार हे कोणालाही समजतं. पण चैत्रात हळदीकुंकवाला गेलेली साडी "एकदाच तर नेसले" म्हणून तशीच घडी घालून ठेवली, की तिच्यावर सांडलेल्या थेंबभर पन्ह्यातली साखर आणि मानेवरचा घाम कपाटात शांतपणे पिवळे होत बसतात. दिवाळीत साडी उघडली की घरातल्या प्रत्येकावर संशय घेतला जातो. वास्तविक एकदाच नेसलेली साडीसुद्धा धुऊनच ठेवायची असते.

ठेवायची कशी, याचं उत्तर या वाड्यांना फार पूर्वीच सापडलेलं होतं, फक्त वेगळ्या कारणासाठी. सोवळ्याची दांडी आठवा. आढ्याजवळ, हवेशीर, कोणाचा हात लागणार नाही अशी. कपडा काठीनं वर टाकायचा आणि काठीनंच खाली काढायचा. त्याच्यावर दुसरं काही रचायचं नाही, त्याला डब्यात कोंबायचं नाही, आणि त्याची घडी तर नाहीच नाही. विटाळाची भानगड वगळली, तर लिननला हवी असलेली सगळी व्यवस्था तिथे होती. आज ती दांडी बहुतेक घरांतून गेली, पण शर्ट आणि कुर्ते रुंद खांद्यांच्या हँगरला सैल टांगता येतात. इस्त्रीच्या दुकानातून येणारा तारेचा हँगर परत करावा, त्याला पावसाळ्यात गंज चढतो आणि गंजाचा डाग निघत नाही. दुकानातून आलेली प्लॅस्टिकची पिशवीही त्याच दिवशी काढावी, ती ओल आत कोंडते. जरीकाठाची लिनन साडी टांगू नये. कापडदुकानातून पुठ्ठ्याची नळी मागून आणावी, तिच्यावर आधी जुन्या धोतराचा मऊ, धुतलेला तुकडा गुंडाळावा आणि वर साडी. नळी फुकट मिळते. मागताना दुकानदार तुमच्याकडे पाहतो, तेवढं सोसावं.

इस्त्री कापड किंचित ओलसर असतानाच करावी, हे सर्वांना माहीत असतं. त्यानंतर ते तासभर बाहेर टांगून मगच कपाटात ठेवावं, हे जवळजवळ कोणी करत नाही. गरम शर्ट थेट आत गेला की त्याची वाफही आत जाते.

पूर्वी पितळी तांब्यात निखारे भरून त्याच्या बुडानं घरच्या घरी इस्त्री होई. असे तांबे ठोकणारी तांबट आळी आमच्याच पेठेत. तिथे आजही तांब्याच्या भांड्यावर हातोडीनं मठारकाम चालतं. एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला चिकटून, पूर्ण भांडंभर. त्या पोच्यांसाठी लोक गुळगुळीत भांड्यापेक्षा जास्त पैसे मोजतात, पोचे उजेडात कसे चमकतात ते कौतुकानं पाहतात, आणि भांडं पिशवीत टाकून निघताना स्वतःच्या लिननच्या शर्टावरून हात फिरवून म्हणतात, "फार चुरगळतो हो हा." लिननच्या सुरकुतीला तेवढाच मान द्यायला काय हरकत आहे, मला कळत नाही. उलट कडक इस्त्रीचं सपाट लिनन पाहिलं, की ते कपाटातून फारसं बाहेर पडत नसावं अशी शंका येते.

आपल्याकडे नवी साडी आली की ती नणंदेला, जावेला किंवा मैत्रिणीला घडी मोडायला देत. साडी नेसली जायची, तिला हवा लागायची, एखादा धागा सुटला असेल तर तो दुसऱ्याच्या अंगावर समजायचा. लिननसाठी यापेक्षा चांगली पद्धत शोधून सापडणार नाही. तेव्हा ऑक्टोबरचं ऊन पडलं की गाद्या-रजया गच्चीत टाकताना फडताळातलं लिननही बाहेर काढा. त्याला सावलीत वारा दाखवा आणि परत ठेवायचंच असेल तर गेल्या वेळच्या रेषेवर घडी घालू नका, दोन बोटं सरकवून घाला. ठेवायचं नसेल तर अधिक उत्तम. नणंदेला द्या घडी मोडायला. फक्त ती इस्त्री करून परत करेल अशी अपेक्षा ठेवू नका.