साध्यता २.४१

बी.एड.वाल्यांच्या पाठ टाचणाची वर्षानुवर्षे टिंगल करणारी प्राध्यापक मंडळी सध्या स्वतःच टाचण लिहायला बसली आहेत. ‘विद्यार्थी ओळखतो, फरक स्पष्ट करतो, उदाहरणे देतो’ ही शाळामास्तरांची स्पष्टीकरणं आता कॉलेजात ‘कोर्स आउटकम’ या नावानं, इंग्रजीतून आणि स्पायरल बाइंडिंग करून आली आहेत. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची तपासणी जवळ आली की स्टाफरूममध्ये क्रियापदांची शोधाशोध सुरू होते. ‘समजेल’ चालत नाही, कारण समजलेलं मोजता येत नाही. ‘जाणीव होईल’ तर मुळीच नाही. मग कुणीतरी ब्लूमची यादी ग्रुपवर टाकतं. अभ्यासक्रम तोच, नोट्स त्याच, सरही तेच. पण विद्यार्थी रातोरात ‘विश्लेषण’ आणि ‘सर्जन’ करू लागतो.

हे बेंजामिन ब्लूम शिकागो विद्यापीठाच्या परीक्षा विभागातले. त्यांनी आणि इतर विद्यापीठांतल्या परीक्षकांनी मिळून ज्ञान, आकलन, उपयोजन अशी ती सहा पायऱ्यांची उतरंड रचली आणि १९५६ साली ती पुस्तकरूपानं आली. हेतू साधा होता: चांगले प्रश्न एकमेकांना वापरता यावेत. म्हणजे सगळा मामला प्रश्नपत्रिकेतून सुरू झाला. आपण तो फाइलीत नेऊन ठेवला आणि प्रश्नपत्रिकेला पत्ता लागू दिला नाही. आउटकम म्हणतं, ‘विद्यार्थी चिकित्सक मूल्यमापन करील’. पेपर म्हणतो, ‘टीपा लिहा (कोणत्याही दोन)’.

इंजिनिअरिंगवाल्यांची तऱ्हा आणखी न्यारी. २०१४ साली इंजिनिअरिंगच्या पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत पूर्ण सदस्य झाला. एनबीए या राष्ट्रीय मान्यता मंडळानं मान्य केलेल्या ठरावीक पदव्यांना बाहेर किंमत मिळणार, ही गोष्ट चांगलीच. पण त्यासोबत मॅपिंगचा तक्ता घरोघरी पोचला. डावीकडे विषयाची साध्यं, वर पदवीची बारा साध्यं (नव्या आराखड्यात अकरा) आणि चौकटीत, दोन्हींचा संबंध किती घट्ट त्याप्रमाणे, १, २ किंवा ३. एकही चौकट रिकामी दिसली की विभागप्रमुखांचा जीव खालीवर होतो. म्हणून ‘डेटा स्ट्रक्चर्स’चा संबंध पर्यावरणाशी जोडला जातो: प्रोग्राम कमी मेमरी खाईल, वीज वाचेल, पृथ्वी तरेल. लिहा १.

त्या बारांतलं शेवटचं साध्य म्हणजे आयुष्यभर शिकत राहण्याची वृत्ती. तीही सत्र संपता संपता मोजून होते. साध्यता २.४१. दशांशचिन्हानंतरचे दोन आकडे पाहून तपासणाऱ्यांचंही समाधान होतं.

हा आकडा येतो कुठून? इतके टक्के मुलांना इतके टक्के गुण मिळाले तर पातळी ३, असं आधी ठरवायचं असतं. ठरवणार कॉलेजच. निकाल हातात आल्यावर ‘आधी’ काय ठरलं होतं ते आठवणं सोपं जातं. उरलेला वाटा एक्झिट सर्व्हेचा. ‘हा विषय शिकून तुमची क्षमता वाढली का?’ असं हॉलतिकीट वाटताना विचारलं, तर कोण ‘नाही’ म्हणणार?

या साऱ्या खटाटोपात मूळ कल्पना बिचारी निर्दोष आहे, हे सांगायला हवं. रॉबर्ट मेगर या अमेरिकी लेखकानं १९६२ सालीच ती तीन प्रश्नांत बसवली होती: विद्यार्थी काय करून दाखवील, कोणत्या परिस्थितीत आणि किती चांगलं? बी.कॉम.च्या सांख्यिकीचं बघा. ‘केंद्रीय प्रवृत्तीच्या परिमाणांचं आकलन होईल’ या वाक्यात पकडायला काहीच नाही. त्याऐवजी असं लिहा: एका कारखान्यातल्या कामगारांचे आणि मालकाचे पगार दिले असता, कॅल्क्युलेटर वापरून, सरासरी घ्यावी की मध्यक हे विद्यार्थी ठरवील आणि कारण दोन वाक्यांत लिहील, अशा पाचपैकी चार उदाहरणांत त्याचा निर्णय बरोबर असेल. आता मालकाच्या पगारानं सरासरी कशी फुगते, हे ज्याला दिसलं तो पास. ज्यानं नुसतं सूत्र पाठ केलं, तो उघडा पडतो.

अडचण अशी की मास्तरही उघडे पडतात. हे वाक्य एकदा छापलं की शिकवायचंही तेच आणि विचारायचंही तेच. दर वर्षी नवी आकडेवारी शोधावी लागेल, गेल्या वर्षीचं गाइड रद्दीत जाईल आणि निम्मी मुलं अडली तर त्याचं कारण अभ्यास मंडळापुढे तोंडानं सांगावं लागेल. त्यापेक्षा ‘विद्यार्थी सांख्यिकीय संकल्पनांचे सर्जनशील मूल्यमापन करील’ हेच बरं. त्याच्यापुढे ३ लिहिलं तर समितीत कुणी मान वर करूनही बघत नाही.