चौथी सीट

डोंबिवलीहून सकाळच्या फास्ट लोकलनं जाणाऱ्या प्रत्येकाला चौथे ठाऊक असतात. तुमच्या डब्यात त्यांचं नाव वेगळं असेल, एवढंच. तिघांच्या बाकड्यावर तिघं मांड ठोकून बसलेले असताना 'जरा सरकता का?' म्हणत उरलेल्या वीतभर जागेवर अर्धं बूड टेकवणारे आणि टेकताक्षणी 'हाऽऽ' करणारे ते हे. चौथी सीट आम्हीही घेतो, पण नाइलाजानं. हे गृहस्थ ती मिळाली की घरी फोन करतात. "हो, मिळाली. चौथी. घाटकोपरपासून." आमच्या ग्रुपमध्ये हे नाव इतकं रुळलं की एकाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका 'श्री. व सौ. चौथे' यांना गेली. ते सहकुटुंब जेवून गेले आणि अहेराच्या पाकिटावरही तेच नाव घालून गेले.

मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. हा माणूस कुणाला धड रडू देत नाही आणि धड स्वप्नंही बघू देत नाही.

आंब्यांचंच घ्या. एप्रिलमध्ये आम्ही पेटीचा भाव ऐकून सुस्कारे टाकत असतो, तेव्हा चौथे गप्प. मे संपता संपता, भाव उतरल्यावर, ते डझनभर हापूस घेतात आणि घरी पोचण्याआधीच त्यातले तीन साक्याचे म्हणून वजा करतात. "उरले नऊ. त्या नवांचा आनंद चोख." एका वर्षी बाराच्या बारा चांगले निघाले, तर माणूस दोन दिवस कावराबावरा होता. शेवटी त्यांनी तीन शेजाऱ्यांना देऊन टाकले, तेव्हा कुठे हिशेब जुळला.

त्यांच्या घराच्या गॅलरीतून दोन बिल्डिंगांच्या फटीत खाडी दिसते. पाहुण्यांना ते ती आवर्जून दाखवतात. कठड्यावरून किती वाकायचं, मान कुठे वळवायची, सगळं नीट सांगून. "चौथी सीटच आहे," म्हणतात, "पण भरतीला बघायला या."

ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेची पायाभरणी 2008 सालची. ती अखेर 2022च्या फेब्रुवारीत सुरू झाली. डब्यात कुणीतरी पेढे आणले. आता लोकलची वाट मोकळी, आता बसायला मिळणार, असा जल्लोष चालू असताना चौथ्यांनी पेढा तोंडात टाकला आणि शांतपणे म्हणाले, "गर्दी आहे तेवढीच राहणार. मेल गाड्यांसाठी सिग्नलला थांबणं कमी झालं, तरी पुष्कळ." पेढा मात्र त्यांनी आणखी एक घेतला.

आणि मग 9 जून 2025. मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं चालत्या गाड्यांतून पडली, जीव गेले. त्या आठवड्यात डब्यात ना पत्ते निघाले, ना टाळ. माझं डोकं फिरलं होतं. चौथ्यांना म्हटलं, "तुमच्यासारख्या समाधानी लोकांमुळंच हे चालतं. अर्ध्या बुडावर खूश असणाऱ्याला पूर्ण सीट कोण देणार?"

ते काही बोलले नाहीत. पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढून माझ्या हातात दिली. गर्दीच्या वेळी फेऱ्या वाढवा, पंधरा डब्यांच्या गाड्या वाढवा, ऑफिसांच्या वेळा बदला; निवेदनांच्या प्रती, पोचशिक्क्यांसकट. सगळ्यात तळातला कागद पिवळा पडून घडीवर फाटलेला.

"सह्यांसाठी सगळ्यांकडे फिरलो होतो," ते म्हणाले. "तुमच्याकडेही. तुम्हाला विंडो होती त्या दिवशी. झोपला होतात."

"उत्तरं आली?"

"दोन. 'विचाराधीन.'" फाइल परत पिशवीत गेली. "न येण्यापेक्षा बरी."

एवढ्यात कुर्ल्याला कुणीतरी उठलं. "चौथी आहे, बसता?" असं त्यांनी मला विचारलं. मी बसलो. चिडून बसलो, पण बसलो.

गेल्या महिन्यात ते रिटायर झाले. ग्रुपनं शेवटच्या दिवशी हार घातला, इंजिनाच्या आकाराचा केक कापला आणि थेट डोंबिवलीपासून त्यांना विंडोत बसवलं. ठाण्यापर्यंत त्यांनी कशीबशी कळ काढली. मग चुळबुळ सुरू झाली. वारा फार लागतोय. डोळ्यात काहीतरी गेलं. ऊनही याच बाजूला.

"कुणाला हवीय का हो ही?" त्यांनी विचारलं.

निरोपाला जमलेले सगळेच्या सगळे एकदम उठले. हार चुरगळला, केक कुणाच्या तरी शर्टाला लागला. विंडो मला मिळाली.