संकष्टीच्या वेळेला जेवणारं गाव

व्हॅलेन्सिया,
१४ जून

चि. सौ. कुंदास,


फोनवर बोलणं होतं, पण तुझ्या फोनच्या मागे मिक्सर, कुत्रा आणि टीव्हीवरची मालिका एकदमच बोलायला लागतात, त्यामुळे मी सांगितलेलं निम्मं तुझ्यापर्यंत पोचतच नाही. मागच्या वेळी मी म्हटलं, इथे ससा खातात, तर तू विचारलंस, ‘भाताबरोबर की भाकरीबरोबर?’ तुला ‘रसा’ ऐकू आलं असणार. उत्तर मात्र ‘भाताबरोबर’ असंच आहे. ते पुढे येईल.

आधी जेवणाच्या वेळांचं सांगते, कारण घरात सध्या तोच तंटा आहे. तुझ्या भाऊजींना साडेबाराला पान मांडलेलं लागतं हे तू जाणतेस. इथे साडेबाराला कुठल्याही खाणावळीत शिरलं तर पोऱ्या टेबलं पुसत असतो. दुपारचं जेवण दोननंतर आणि रात्रीचं नऊ-दहाला. परवा संकष्टी होती आणि चंद्रोदय मध्यरात्रीच्या सुमारास. सूर्यच साडेनऊला मावळतो, मग चंद्राला कसली घाई? मी ताम्हन घेऊन गच्चीत उभी, आणि खाली चौकात लोक जेवतायत, तान्ही पोरं बाबागाड्यांत टक्क जागी, म्हाताऱ्या पंखे हलवत गप्पा मारतायत. म्हणजे अख्खं गाव रोजच संकष्टी असल्यासारखं जेवतं, फक्त उपास कुणाचाच नसतो. कसा असणार? सकाळी दहा-अकराला यांची ‘एस्मोर्झारेत’ असते. हातभर लांब पाव, त्यात ऑम्लेट नाहीतर मांस, टेबलावर आधीच शेंगदाणे आणि ऑलिव्ह, आणि शेवटी रम पेटवून केलेली कॉफी. ही न्याहारी. हिच्याआधी घरी एक न्याहारी झालेली असते ती निराळी. तुझ्या भाऊजींनी स्पेनच्या बाकी सगळ्या वेळांना नावं ठेवली, या एका वेळेला ठेवली नाहीत.

आता मंडई. मेर्कादो सेन्त्राल तिचं नाव. १९१४ साली बांधायला घेतली आणि १९२८ साली तेराव्या आल्फोन्सो राजाने उघडली. चौदा वर्षं लागली हे ऐकून ह्यांना फार बरं वाटलं. ‘म्हणजे आपलेच लोक,’ म्हणाले. लोखंड, काच आणि रंगीत फरशांची ती अशी काही देखणी इमारत आहे की आत मुळा-मेथी विकतात यावर विश्वास बसू नये. मधल्या मोठ्या घुमटावर वाऱ्याची दिशा दाखवायला पोपट बसवलाय आणि मासळीच्या भागावर तलवार मासा. बाजारात बायका मासळी घेण्यापेक्षा जास्त काय करतात हे बांधणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे, म्हणून पोपट वर. समोरच रेशमाच्या व्यापाऱ्यांची जुनी पेढी आहे, ला लोंखा, जागतिक वारसा वगैरे. सूनबाई म्हणाली, आई, आधी ते बघू. मी म्हटलं, दगडी खांब कुठे पळत नाहीत, मासळी संपते. मंडई दुपारी तीनला बंद होते.

इथला मोठा जाच म्हणजे भाजीला हात लावायचा नाही. बोटाने दाखवायचं, ती बाई निवडून देणार. जन्मभर भेंडीचं टोक मोडल्याशिवाय पिशवी न उघडलेल्या बाईने काय करायचं, तूच सांग. भाव करायचा नाही, हे मी एक वेळ सोसलं. पण टोमॅटो दाबून बघायचा नाही! रांगही दिसत नाही. माणसं आपली विखुरलेली उभी असतात. नवा माणूस येतो, शेवटचं कोण म्हणून मोठ्याने विचारतो, कुणीतरी हात वर करतं, की त्याच्यामागे आपला नंबर. मग खुशाल इकडेतिकडे फिरा, नंबर कुणी खात नाही. नातवाने मला ते वाक्य पाठ करून दिलंय, ‘किएन एस एल उल्तिमो?’ मी ते आपल्या कोळीवाड्याच्या आवाजात विचारते. तीन गाळ्यांवरचे हात वर होतात.

एका गोष्टीने मात्र सगळं भरून काढलं. मासळीवालीने मासे कागदात बांधले आणि न मागता वर पार्सलीची जुडी ठेवली. कोथिंबिरीच्या कुळातलीच, फक्त वासाला भिडस्त. मी पैसे काढायला लागले तर तिने हात हलवला. फुकट. कुंदा, मला भरून आलं. सात समुद्रांपलीकडे फुकट कोथिंबिरीची रीत शाबूत आहे.

मासळीचं सांगू नको म्हणतेस, पण सांगते. पापलेट विसर, बोंबील तर नाहीच. बांगडा सुरेख आणि स्वस्त. माकुळ अशी पांढरीशुभ्र की बघत राहावं. या दिवसांत क्लोचिना नावाच्या काळ्या शिंपल्या येतात, मे ते ऑगस्ट एवढ्याच. आकाराने लहान, पण इतर वेळी मिळणाऱ्या मोठ्या शिंपल्यांना गावकरी विचारत नाहीत. लसूण, मिरी, तमालपत्र, लिंबू, झाकण, संपलं. त्यावर वाटण घालायची माझी सूचना सूनबाईने भाषांतर करून सांगायचं टाळलं. खारवलेल्या कॉडचे स्वतंत्र गाळेच आहेत. शेपटीकडचा तुकडा, पाठीचा तुकडा, चुरा, प्रत्येकाचा भाव वेगळा. घरी आणून एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवायचा. तो आणि वांग्यासारखी भाजून सोललेली लाल भोपळी मिरची, दोन्ही हाताने फाडायचं, लसूण आणि ऑलिव्हचं तेल भरपूर. त्याला एस्गार्रायेत म्हणतात. माझ्या मते या गावात याच्या तोडीचं काही नाही, जगाने इथल्या पाएया नावाच्या भाताचा कितीही डांगोरा पिटो.

सूनबाईचे हाल आहेत. शाकाहारी माणसाला इथे प्रेमाने वागवतात, पण समजून घेत नाहीत. एका ठिकाणी ‘मांस नको’ असं बजावून सांगितलं, तर आर्टिचोकवर हॅमचे तुकडे पेरून आणले. विचारलं तर तो पोऱ्या खरंच बुचकळ्यात पडला. मांस कुठे आहे, हे तर हॅम आहे! आणि सशांचं म्हणशील तर ते सोलून ओळीने टांगलेले असतात, डोळ्यांसकट. ह्यांनी तिथून जाताना चष्मा काढला. नातवाला मी रात्री ससा-कासवाची गोष्ट सांगत होते. ससा झोपला म्हटल्यावर त्याने शांतपणे विचारलं, ‘मग त्याची पाएया केली का?’

आता त्या पाएयाकडे येते. शेजारच्या आजोबांनी रविवारी गावाबाहेरच्या त्यांच्या मळ्यात बोलावलं. आणि ऐक, इथे रविवारची पाएया पुरुष करतात. बायका सावलीत बसून ऑलिव्ह खातात. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी संत्र्याच्या झाडाकडे बघितलं.

संत्र्याच्या छाटलेल्या फांद्यांचा जाळ. त्यावर हे रुंद, उथळ, दोन कानांचं पातेलं, पाएया नाव मूळचं त्याचंच. तेलात मीठ, मग कोंबडी आणि ससा, चांगले तांबूस होईपर्यंत, घाई नाही. मग चपट्या हिरव्या शेंगा आणि गर्रोफो नावाचे मोठे पांढरे वाल, किसलेला टोमॅटो, तांबडी पूड, ती जळायच्या आत पाणी. पाणी किती? तर कान जिथे खिळ्यांनी ठोकलेत त्या खिळ्यांपर्यंत. आपलं बोटाच्या पेराचं माप, तसं त्यांचं खिळ्याचं. केशर. मग बुटका गोल तांदूळ सारखा पसरून टाकायचा, आणि त्यानंतर त्याला डाव लावायचा नाही, हलवायचं नाही, फक्त लाकडं आत-बाहेर करत बसायचं. वर रोझमेरीची एक काडी थोडा वेळ. आजोबा रांधत होते आणि मेहुणे, जावई, चुलते भोवती उभे राहून ‘पाणी जास्त झालं’ म्हणत होते. प्रत्येकाच्या आईची पाएया खरी, बाकीच्यांची म्हणजे ‘भातात घातलेल्या वस्तू’. शेवटी सगळे गप्प झाले आणि आजोबांनी कान खाली नेला. तळाशी तडतड ऐकू यायला हवी. ती आली की खरपुडी धरली. तिला सोकारात म्हणतात आणि तिच्यासाठी भांडतात. आपल्या घरात खरपुडी नेहमी बायकांच्या वाट्याला आली. इथे कर्ता पुरुष ती खरवडून पाहुण्याला देतो.

मी सहज विचारलं, कांदा नाही घालत? अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या मुलखातली मी, विचारणारच. अशी शांतता पसरली की मला वाटलं भाषांतरात काही भलतंच गेलं. तसं नव्हतं. कांद्याने भात गिचका होतो, असं एक चुलते मला समजावत राहिले. मग विषय निघाला २०१६ सालचा. जेमी ऑलिव्हर म्हणून इंग्रजांचा नावाजलेला स्वयंपाकी आहे, त्याने पाएयात चोरिझोचं सॉसेज घातलं आणि सगळ्या स्पेनने त्याला धुऊन काढलं. इतकी वर्षं झाली, आजोबांचा चेहरा अजून लाल होतो. २०२१ साली इथल्या प्रादेशिक सरकारने पाएयाला सांस्कृतिक वारशाचा दर्जाच देऊन टाकला. तरी तिच्यात गोगलगायी घालायच्या की नाही यावर त्या दुपारी दोन जावयांचं बोलणं बंद झालंच.

आणि जेवायचं कसं? ताटल्या नाहीत! पातेलंच मध्ये ठेवलं, प्रत्येकाच्या हातात लाकडी चमचा, आणि आपापल्या समोरचा त्रिकोण खायचा. माझ्या मनात उष्टं-खरकटं सगळं उभं राहिलं. पण शिस्त बघ, कुणी दुसऱ्याच्या त्रिकोणात चमचा घालत नाही. नको असलेला ससा मध्यभागी सारायचा, ती गावकीची जमीन. दोन त्रिकोणांमध्ये भाताचा पातळसा बांध राहतो. तुझ्या भाऊजींनी आयुष्य बांधाच्या केसमध्ये घालवलंय, तेव्हा त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. ससा त्यांनी गावकीत ढकलला, आणि शेजारच्या चुलत्यांनी जरा गप्पांत मान वळवली तोवर ह्यांनी बांध दोन बोटं पलीकडे नेला होता. मी बघितलं. भात आपल्या मते किंचित कच्चा होता. त्यांच्या मते आपला भात शिजून मेलेला असतो.

तो तांदूळ जिथून येतो ते अल्बुफेरा पाहिलं. शहराच्या दक्षिणेला मोठं गोड्या पाण्याचं सरोवर आणि भोवती क्षितिजापर्यंत शेतं. अरबांनी हा भात इकडे आणला. लावणी नाही, मे महिन्यात भरल्या पाण्यात ट्रॅक्टरने बी फेकतात. चिखलात वाकलेली एक बाई दिसली नाही. हेवा वाटला. एल पाल्मार गावात बसून वामीचं झणझणीत खाल्लं, लसूण-तांबड्या पुडीतलं, बटाटा घातलेलं. आंबटाचा पत्ता नाही. एक आमसूल मिळालं असतं तर स्वर्ग होता.

ह्यांना सगळ्यात आवडली ती इथली पाण्याची पंचायत. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता मोठ्या चर्चच्या दारात आठ पाटांचे आठ शेतकरी काळे डगले घालून गोल बसतात. कुणी कुणाचं पाणी चोरलं असेल तर तिथेच तोंडी तक्रार, तोंडी जबाब, तिथेच निकाल. कागद नाही, अपील नाही. शेकडो वर्षं चाललंय, २००९ साली युनेस्कोनेही मान दिला. मंडईतली भाजी याच पाण्यावर पिकते. तुझे भाऊजी भांडण बघायला मिळणार म्हणून पुढे जाऊन उभे राहिले. शिपायाने एकेका पाटाचं नाव पुकारलं, कुणाचीच तक्रार निघाली नाही, आणि पाच-दहा मिनिटांत आठही जण उठून गेले. ‘आपल्याकडे एवढ्यात पट्टेवाल्याने पंखासुद्धा लावला नसता,’ असं म्हणून दिवसभर उदास होते.

संकष्टीचं राहिलंच. अल्बोराया म्हणून शेजारी गाव आहे, तिथे नागरमोथ्याच्या भाऊबंदांतलं एक गवत लावतात, चुफा. त्याच्या मुळाशी हरभऱ्याएवढ्या गाठी येतात. त्या भिजवून, वाटून, गाळून, साखर घालून थंडगार दूध काढतात, त्याचं नाव ओर्चाता. धान्य नाही, डाळ नाही, मुळाची गाठ. रताळं चालतं तर हे का नाही? उपासाला चालतं असा मी निकाल दिला. त्यात फार्तोन नावाचे लांब गोड पाव बुडवून खातात, ते मैद्याचे, ते चालत नाहीत. निकालाचा दुसरा भाग ह्यांना ऐकू आला नाही.

आता कामाचं. त्या गर्रोफोचं मी बिरडं केलं. नारळ होता, गूळ होता, सगळं साग्रसंगीत, पण वालाला कडूपणाच नाही, मग गूळ घालायचा कशासाठी? शेजारच्या आजीला मात्र आवडलं आणि आता खरं कसं लागतं ते तिला दाखवायचंय. मंदारचा मित्र जुलैत इकडे येतोय, त्याच्याकडे दोन किलो कडवे वाल आणि आमसुलं दे. कडवे म्हणजे कडवे. मागच्या वर्षी तू पुण्याला पाठवलेस तसे गोडे नकोत. आणि वाल सोलून वाळवून वगैरे देऊ नकोस, मोड मी आणीन, सोलायला आजीला बसवीन.

अण्णांच्या गुडघ्याला तेल लावतेस ना? पाऊस सुरू झाला असेल तर पडवीतली लाकडं आत घे.

तुझी,
जाऊबाई

ता. क. लाकडांवरून आठवलं. परत आल्यावर रविवारी रांधणार, असं तुझ्या भाऊजींनी आजोबांना वचन दिलंय. संत्र्याचं लाकूड आपल्याकडे नाही, तर आंब्याचं चालेल का, असं ते विचारत होते. परसातल्या हापूसपाशी कुऱ्हाड ठेवू नकोस.