परांचीच्या आधीची ओळ

आमच्या सोसायटीचं वॉटरप्रूफिंग अनेक वर्षं एका वाक्यात मावत होतं: "पावसाळ्याआधी उरकून टाकू." मग कमिटीतल्या आयटीवाल्या पोराने मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट उघडलं आणि त्या वाक्याला पोटवाक्यं फुटू लागली. १ इमारत, १.१ गच्ची, १.२ बाहेरच्या भिंती, १.२.१ परांची. खालची ओळ जरा आत सरकवली की वरची आपोआप ठळक होते आणि मुलांच्या तारखा, खर्च सगळं अंगावर घेते. वडीलकी इतकी स्वस्तात दुसरीकडे कुठे मिळत नाही.

कामाची अशी उतरंड मांडण्याची पद्धत अमेरिकेतली. तिथलं संरक्षण खातं आणि नासा यांनी १९६२ साली ती लेखी घालून दिली. आमच्या गच्चीचा तेव्हा कुणी विचार केला नसणार. पण त्या पद्धतीचा शंभर टक्क्यांचा नियम मला फार आवडला: वरच्या ओळीत जेवढं काम, तेवढंच खालच्या सगळ्या ओळींत मिळून यायला हवं, कमीही नाही आणि जास्तही नाही. या नियमापायीच लक्षात आलं, की परांची बांधण्याआधी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुंड्या हलवाव्या लागतील. आणि त्याआधी काकूंना विचारावं लागेल.

"ही ओळ कुणाच्या नावावर टाकू?" पोराने विचारलं.

सगळे चहा पिऊ लागले.

'सर्वसाधारण सभेची मंजुरी' हा माइलस्टोन. सॉफ्टवेअरमध्ये त्याची मुदत शून्य दिवस, तक्त्यावर नुसता एक काळा चौकोनी ठिपका. प्रत्यक्षात सभा रात्री उशिरापर्यंत चालली आणि तहकूब झाली. कुठल्या कामाला मुदत दिली नाही, तर ऑटो शेड्यूलवर ते सॉफ्टवेअर स्वतःच 'एक दिवस' लिहितं आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेवतं. इतका प्रामाणिकपणा मी कुठल्याच ठेकेदारात पाहिलेला नाही. आमचा ठेकेदार "उद्या माणसं पाठवतो" म्हणाला, तेव्हा त्यापुढे पूर्णविराम होता.

सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरात मात्र मूळची सोय सोमवार ते शुक्रवार, आठ ते पाच, मध्ये तासभर जेवण, एवढीच. पाऊस त्याला ठाऊक नाही. जून ते सप्टेंबर हे दिवस सुट्टीचे म्हणून आपल्यालाच नोंदवावे लागतात. तुमच्याकडे हा उद्योग करणार असाल, तर ती नोंद सगळ्यात आधी करा, आणि काकूंशी स्वतः जाऊन बोला.