उपनगरवासी धावपटूंसाठी परदेशगमन मार्गदर्शिका

मुंबई मॅरेथॉन मुंबईत होते आणि आपण बोरिवलीत राहतो. या दोन गोष्टींमधला फरक ज्याच्या ध्यानात आलेला नाही, त्याने बूट विकत घेण्याची घाई करू नये. २००४ पासून चालू असलेली ही शर्यत हल्ली जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी, भल्या पहाटे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरून सुटते. मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी असे करत सागरी सेतूवरून ती वांद्र्याला येते, उपनगराच्या उंबरठ्याला जेमतेम पाय लावते आणि आल्या पावली परत जाते. पुढे अंधेरी आहे, बोरिवली आहे, पलीकडे घाटकोपर-मुलुंड आहे. तिथली माणसे आपापल्या खर्चाने येतील, असा शहाणा विचार यामागे असावा. २०११च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे ३१ लाख आणि उपनगर जिल्ह्यात सुमारे ९४ लाख माणसे भरली. म्हणजे चार मुंबईकरांतले तीन परदेशस्थ.

'परदेश' म्हणजे जरा अतीच झाले, असे दादरमध्ये राहणाऱ्या वाचकांना वाटेल. त्यांनी इतिहास उघडून बघावा. मुंबई बेट इंग्रजांकडे गेले तेव्हा साष्टी, म्हणजे आपले उपनगर, पोर्तुगीजांकडेच राहिली, आणि १७३९मध्ये ती मराठ्यांनी घेतली. पुढे १७७४च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेईपर्यंत अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड मराठी राज्यात होते, आणि माहीमच्या खाडीपलीकडे कंपनी सरकारचा अंमल होता. शीवचा किल्ला इंग्रजांनी बांधला तो हद्दीवर नजर ठेवायला, म्हणजे आपल्यावरच. माहीमचा कॉजवे १८४५मध्ये झाला, तोही अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी पदरचे पैसे घातले म्हणून. बोरिवली आणि मुलुंड महापालिकेच्या हद्दीत यायला १९५७ उजाडले, आणि १९९०मध्ये उपनगराचा जिल्हाही वेगळा काढून दिला. एवढे होऊनही ज्यांना ही सरहद्द मिटली असे वाटते, त्यांनी अंधेरीत रिक्षात बसून "माहीम" म्हणून पाहावे. रिक्षाला वांद्र्याच्या आणि शीवच्या पुढे परवाना नाही. अर्ध्या मॅरेथॉनची सुरुवात अलीकडे माहीमच्या रेती बंदरावरून होते, ती जागा सीमेच्या अगदी आत आहे. रिक्षाने येणाऱ्या हाफवाल्याने वांद्र्याला उतरून कॉजवे पायी ओलांडावा. शर्यतीआधी शरीर तापवून घ्यावे असे सगळे प्रशिक्षक सांगतात, ती सोय इथे फुकट होते.

कागदपत्रांची तयारी लवकर सुरू करावी. पूर्ण मॅरेथॉनला प्रवेश हवा तर आधीच्या एखाद्या शर्यतीतली आपली वेळ दाखवावी लागते. पूर्वी कुठे धावलो नाही म्हणून इथे धावता येत नाही, आणि इथे धावलो नाही म्हणून… पण व्हिसाचा अर्ज भरलेल्यांना हे तर्कशास्त्र शिकवायला नको. बिब घ्यायला मूळ ओळखपत्र घेऊन जावे. बिब छातीवर चार सेफ्टी पिनांनी लावावा, पाठीवर नव्हे. पिना घरच्या डब्यातून आदल्या रात्रीच काढून ठेवाव्यात. पहाटे दोनला घरातल्या कोणालाही "पिना कुठे आहेत?" असे विचारून पुढचे आयुष्य सुखाचे जात नाही.

सरावाची जागा ज्याच्या त्याच्या नशिबाने. बोरिवलीकरांना नॅशनल पार्क आहे, आणि कान्हेरीच्या चढावर जो धावला त्याला पेडर रोडचे भय नाही. सोमवारी पार्क बंद असते, तोच विश्रांतीचा दिवस समजावा. तिथला बिबट्या वेग वाढवण्याच्या कामी कुठल्याही प्रशिक्षकापेक्षा सरस आहे, पण वेळेची नोंद ठेवत नाही. अंधेरीकरांनी अधूनमधून वेगाचा सराव करण्यासाठी संध्याकाळी सहाला स्टेशनात उभे राहावे आणि गाडीचा फलाट बदलल्याची घोषणा व्हायची वाट पाहावी. घाटकोपरला मेट्रो आणि रेल्वे यांना जोडणाऱ्या पुलावर गर्दीच्या वेळी चालता आले, तर शर्यतीच्या आरंभरेषेवरची रेटारेटी म्हणजे बागेतला फेरफटका. मुलुंडकरांना ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेचा सर्व्हिस रोड आहे. त्याचे खोदकाम कुठवर आले हे मात्र रोज बघावे लागते, त्यामुळे ते अडथळ्यांच्या शर्यतीतही तयार होतात.

सोसायटीतल्या काकांना कसे तोंड द्यायचे, हा सरावाचाच भाग आहे.

"किती किलोमीटर रे?"

"बेचाळीस, काका."

"म्हणजे बोरिवली ते चर्चगेट?"

"त्याच्यावर आठ."

"मग लोकलने का नाही जात?"

या प्रश्नाला उत्तर नाही. देऊही नये. काकांचा चर्चगेटचा पास चौतीस किलोमीटरचा होता, तो त्यांनी उभ्याने, हातात डबा आणि पावसाळ्यात छत्री घेऊन उभा जन्म वापरला. त्या प्रवासाचे पदक त्यांना कोणी दिले नाही, हे लक्षात ठेवून नम्रपणे मान डोलवावी.

पूर्वीचे लोक आदल्या रात्री गिरगावात नातेवाइकांकडे मुक्काम करत. हा मार्ग आता बंद झाला आहे. चाळी पडल्या, टॉवर उठले आणि गिरगावातले बहुतेक सगळे नातेवाईक आपल्याच शेजारी बोरिवलीत नाहीतर डोंबिवलीत राहायला आले. हॉटेलात उतरावे म्हटले, तर तिथल्या एका रात्रीत बुटांचे दोन जोड येतात. तेव्हा आपल्याच घरी वरण-भात खाऊन आठला आडवे व्हावे. हुरूप आला म्हणून त्या रात्री पावभाजी खाऊ नये. पेडर रोडवर सगळे वर येते, चढही आणि पावभाजीही.

रेल्वेचे मात्र उपकार मानले पाहिजेत. पश्चिम आणि मध्य, दोन्ही रेल्वे त्या पहाटे धावणाऱ्यांसाठी खास लोकल सोडतात. पहाटे तीनच्या आसपास घराबाहेर पडताना वॉचमनला "मॅरेथॉन" एवढेच सांगावे. तो रजिस्टरात काय लिहितो ते बघू नये. डब्यात शिरल्यावर उपनगरी माणसाला पहिला धक्का बसतो तो रिकाम्या खिडकीचा. खिडकीत बसावे, पण झोपू नये. डबाभर बामाचा वास, गुडघ्यांना बांधलेले पट्टे, केळ्यांच्या साली, आणि कोपऱ्यात रात्रपाळी संपवून परतणारा एखादा पेंगुळलेला माणूस, जो एकदाच डोळे उघडतो, सगळ्यांना चड्डीत बघतो आणि पुन्हा मिटून घेतो. पश्चिम रेल्वेवाल्यांना चर्चगेटला उतरून टर्मिनसपर्यंत चालावे लागते. हे अंतर प्रमाणपत्रावर धरत नाहीत.

प्रत्यक्ष धावण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पाय आळीपाळीने पुढे टाकायचे. मात्र सागरी सेतूवर घड्याळ विसरून जावे. ५.६ किलोमीटरचा हा पूल एरवी पायी चालणाऱ्यांना बंद असतो, तिथे आज आपण अंधारात, समुद्रावरून, आपल्याच पायांनी जात असतो. टोलनाक्यावर खिशाला हात घालण्याची सवय आवरावी. वांद्र्याला पोचल्यावर मायदेशाचा वारा लागतो आणि उजवीकडे न वळता सरळ घरी जावे असे फार वाटते. इथे मन घट्ट करायचे असते. वळायचे, माहीमचा कॉजवे धरायचा, आणि एकाच शर्यतीत दुसऱ्यांदा जुनी सरहद्द ओलांडायची.

पुढे शिवाजी पार्क लागते. परमुलखात आपला वकिलातीचा टापू असावा तसा हा भाग आहे. पहाटे उठून, शाल गुंडाळून, रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या आज्या आणि मावश्या तुमचे नाव माहीत नसताना "चल बाळा, आलं आता" म्हणतात. अजून निम्मी शर्यत बाकी असते, पण त्यांना खोटे पाडू नये. संक्रांत नुकतीच झालेली असते. कोणी चिक्की पुढे केली, कोणी तिळगूळ, तर थांबून घ्यावा आणि गोडच बोलावे. त्यापुढे ऊन चढते, आणि पस्तीस किलोमीटर पळून झाल्यावर पेडर रोड पुन्हा येतो. त्याचे अधिकृत नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग आहे, पण त्या चढावर लोक त्याला जी नावे ठेवतात त्यांत हे एकही नसते.

मध्य रेल्वेवाल्यांनी आपला वेग प्रशिक्षकाला न विचारता रेल्वेला विचारून ठरवावा. रविवार असतो. मेगाब्लॉक बहुधा अकराच्या सुमारास सुरू होतो. पहाटे पाचला सुटून पाच तासांत संपवले, तर पदक आणि सामान घेऊन ब्लॉकआधीची गाडी मिळते. सहा तास लागले, तर घाटकोपर-मुलुंडपर्यंतचा प्रवास आकडलेल्या पोटऱ्यांनी, उभ्याने, उशिरा धावणाऱ्या गाडीतून होतो. पदक गळ्यातच ठेवावे. त्याकडे बघून कोणी चौथी सीट देईल अशी आशा असते, आणि क्वचित मिळतेही. २०२३मध्ये इथिओपियाच्या हायले लेमीने ही शर्यत २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांत संपवून विक्रम केला. एवढी घाई त्याने का केली असेल कोण जाणे, त्याला मुलुंडला तर जायचे नव्हते.